आलान यांचा पहिला जपानी अल्बम ‘व्हॉइस ऑफ अर्थ’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम कोणाचा आणि केव्हाचा?

‘व्हॉइस ऑफ अर्थ’ हा आलान दावा डोल्मा या गायिकेचा जपानी भाषेतला पहिला पूर्ण अल्बम आहे. एवेक्स या जपानी संगीत कंपनीने तो ४ मार्च २००९ रोजी प्रकाशित केला. जपानमध्ये त्या केवळ ‘आलान’ या नावाने ओळखल्या जातात आणि तिथल्या आवरणांवर हे नाव रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत छापलेले असते. दुकानातल्या सूचीत किंवा संगीत सेवांवर शोध घेताना पूर्ण नाव टाकल्यास काही वेळा चिनी ध्वनिमुद्रणेच आधी समोर येतात; अशा वेळी अल्बमचे नाव सोबत टाकावे.

आलान मूळच्या कुठल्या?

त्यांचा जन्म २५ जुलै १९८७ रोजी चीनच्या सिचुआन प्रांतातील गार्झे या तिबेटी स्वायत्त विभागात, दानबा परगण्यात झाला. दानबा हा दादू नदीच्या वरच्या खोऱ्यातला डोंगराळ मुलूख आहे. उंच दगडी मनोऱ्यांसाठी आणि उतारांवर वसलेल्या तिबेटी वस्त्यांसाठी तो ओळखला जातो. आलान चिनी नागरिक आहेत आणि वंशाने तिबेटी आहेत. ‘चिनी गायिका’ आणि ‘तिबेटी गायिका’ ही दोन्ही वर्णने त्यांच्याबाबत वाचायला मिळतात, आणि दोन्ही खरी आहेत. मात्र त्यांच्या गाण्याविषयी बोलायचे असेल तर दुसरे वर्णन अधिक कामाचे आहे, कारण त्यांच्या आवाजाची जी खूण पटते ती थेट त्या डोंगराळ मुलखातल्या गायकीकडे बोट दाखवते.

लहानपणापासून त्या अर्हू हे दोन तारांचे वाद्य शिकल्या आणि पुढे बीजिंगमधील चिनी लष्कराच्या कला अकादमीत त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. म्हणजे जपानी कंपनीच्या नजरेत त्या आल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. त्यांचा गळा तालमीत तयार झालेला होता आणि वाद्याच्या अभ्यासामुळे सुराची समजही पक्की होती.

चीनमधल्या गायिकेने जपानी भाषेत अल्बम का करावा?

याचे सरळ उत्तर बाजारपेठेत आहे. त्या काळात जपान ही अमेरिकेच्या खालोखाल जगातली सर्वांत मोठी संगीत बाजारपेठ होती, आणि तिथले श्रोते सीडी विकत घेत होते. चीनमध्ये श्रोते अफाट होते, पण अनधिकृत प्रतींमुळे ध्वनिमुद्रणांच्या विक्रीतून कलाकाराच्या हाती फारसे काही लागत नसे. जपानी बाजारात उतरायचे तर जपानीतच गायला हवे, हे तिथल्या कंपन्यांनी अनुभवाने ठरवलेले होते.

एवेक्सपुढे एक ताजे उदाहरणही होते. दक्षिण कोरियाच्या बोआ यांना याच कंपनीने २००१ मध्ये जपानीत आणले. २००२ मध्ये प्रकाशित झालेला त्यांचा पहिला जपानी अल्बम ओरिकॉन या कंपनीच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. परदेशी गायिकेला भाषा शिकवून, तिच्यासाठी जपानी गीतकार-संगीतकारांकडून गाणी करून घेऊन, तिला जपानी श्रोत्यांची गायिका म्हणून उभे करता येते, हे त्यातून सिद्ध झाले होते. त्यानंतर एवेक्सने चीनमध्ये ऑडिशन घेतली. हजारो उमेदवारांतून २००६ मध्ये आलान यांची निवड झाली आणि २१ नोव्हेंबर २००७ रोजी ‘आशिता ए नो सांका’, म्हणजे उद्याचे स्तवन, या एकल (सिंगल) गाण्याने त्यांचे जपानमधले पदार्पण झाले.

तरीही बोआ आणि आलान यांची वाट एक नव्हती. बोआ यांची गाणी नृत्याच्या ठेक्यावर उभी होती. आलान यांच्यासाठी कंपनीने संथ, विस्तीर्ण, वाद्यवृंदाने भरलेली गाणी निवडली. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण ज्या आवाजाला लांब सूर धरण्यात आनंद आहे त्याला द्रुत ठेक्यात कोंडणे हा अन्याय ठरला असता.

याआधी चिनी भाषक गायिका जपानीत गायल्या होत्या का?

गायल्या होत्या, आणि ती परंपरा चांगली जुनी आहे. तैवानच्या ओउयांग फेईफेई यांनी १९७१ मध्ये जपानीत पदार्पण केले. हाँगकाँगच्या अॅग्नेस चॅन १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हिनागेशी नो हाना’ या गाण्याने घराघरांत पोहोचल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपान आणि चीन यांनी राजनैतिक संबंध पूर्ववत केले होते. तैवानच्याच जूडी ओंग यांना १९७९ मध्ये जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. या सर्वांत मोठे नाव तैवानच्या तेरेसा तेंग यांचे. १९७४ मध्ये त्या जपानीत आल्या आणि १९८४ ते १९८६ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या गाण्यांनी जपान केबल पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळवला. ८ मे १९९५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे त्यांचे निधन झाले, पण जपानी कराओकेत त्यांची गाणी आजही आवर्जून मागितली जातात.

यातली बहुतेक नावे तैवान आणि हाँगकाँगची आहेत, हे लक्षात घ्यावे. चीनच्या मुख्य भूमीवरून येऊन जपानी पॉपमध्ये पाय रोवणाऱ्या एकल गायिका फारच थोड्या. गायिका नसलेल्या, पण बीजिंगहून आलेल्या ‘ट्वेल्व्ह गर्ल्स बँड’ने मात्र २००३ मध्ये जपानमध्ये मोठी लाट आणली होती. अर्हू, पिपा, गुझेंग अशा पारंपरिक वाद्यांवर आधुनिक ठेक्यात वाजवणाऱ्या या वाद्यवृंदाच्या जपानी अल्बमची विक्री दहा लाखांच्या पुढे गेली. जपानी कानांना अर्हूच्या सुराची ओळख आणि ओढ त्या काळात लागली होती. अर्हू वाजवणारी एक गायिका चार वर्षांनी त्यांच्यासमोर आली, तेव्हा तो सूर त्यांना परका वाटण्याचे कारण उरले नव्हते.

अल्बममध्ये नेमकी कोणती गाणी आहेत?

जपानी पॉपची एक रीत इथे समजून घ्यावी लागते. नवीन कलाकाराचा पहिला अल्बम एकदम येत नाही. आधी काही महिन्यांच्या अंतराने एकल गाणी येतात. प्रत्येक एकल सीडीवर मुख्य गाणे, जोडगाणे आणि बहुधा गायनाविना असलेली संगीताची पट्टीही असते. अशी पाच-सहा एकल गाणी झाली आणि श्रोत्यांच्या कानावर नाव रुळले की ती एकत्र करून, काही नवी गाणी घालून अल्बम काढतात. ‘व्हॉइस ऑफ अर्थ’ असाच तयार झाला. ‘आशिता ए नो सांका’, ‘हितोत्सु’, ‘सोरा उता’, ‘नात्सुकाशी मिराई’, ‘रेड क्लिफ : शिन-सेन’, ‘मेगुमी नो आमे’ आणि ‘गुंजो नो तानी’ ही एकल गाणी त्यात आहेत. शेवटच्या दोन नावांचे अर्थ अनुक्रमे ‘कृपेचा पाऊस’ आणि ‘गडद निळी दरी’ असे होतात. पृथ्वी, आकाश, पाऊस, दरी अशा प्रतिमा अल्बमभर पसरलेल्या दिसतात त्या यामुळेच.

संगीताची मुख्य धुरा काझुहितो किकुची यांच्याकडे होती. एवेक्सच्या अनेक आघाडीच्या गायिकांसाठी त्यांनी चाली केलेल्या आहेत. गाण्यांचा साचा त्यांच्या हातचा ओळखू येतो: मुखडा मंद, आवाजाच्या खालच्या पट्टीत, मग एक दुवा, जिथे व्हायोलिन हळूहळू वर चढतात, आणि मग धृपद, जिथे आवाज एकदम टीपेला जातो.

‘रेड क्लिफ’ या गाण्याचा चित्रपटाशी काय संबंध?

जॉन वू यांनी दिग्दर्शित केलेला ‘रेड क्लिफ’ हा दोन भागांचा चित्रपट इसवी सन २०८ मध्ये चीनमध्ये झालेल्या लाल कड्यांच्या लढाईवर आधारलेला आहे. त्याच्या निर्मितीत एवेक्सचाही वाटा होता. चित्रपटाचे पार्श्वसंगीत जपानी संगीतकार तारो इवाशिरो यांचे होते, आणि शीर्षकगीतासाठी आवाज आलान यांचा घेतला गेला. पहिला भाग जपानमध्ये १ नोव्हेंबर २००८ रोजी लागला आणि त्याला प्रेक्षकांनी उदंड प्रतिसाद दिला. तीन राज्यांच्या काळातल्या वीरांच्या कथा जपानी वाचकांना कादंबऱ्या, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि व्हिडिओ गेम यांतून पिढ्यान् पिढ्या परिचित आहेत, त्यामुळे या चित्रपटाला तिथे आयता प्रेक्षक होता.

त्या गाण्याची चिनी आणि जपानी अशी दोन रूपे आहेत, आणि दोन्ही लागोपाठ ऐकण्यासारखी आहेत. चाल तीच, आवाज तोच, पण चिनी रूपात एकेका अक्षराला एकेक सूर मिळून ओळ भरगच्च होते. जपानीत तीच ओळ सुट्या स्वरांत पसरते आणि गायिकेला मींडेसाठी जागा मिळते. आलान जपानीत अधिक मोकळ्या का वाटतात, याचे एक कारण मला इथे सापडते.

दुसरा भाग जपानमध्ये १० एप्रिल २००९ रोजी आला. त्याचे गीत ‘कुओन नो कावा’ ओरिकॉनच्या साप्ताहिक एकल यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हे गाणे ‘व्हॉइस ऑफ अर्थ’मध्ये शोधू नये, अल्बम त्याआधी महिनाभर बाजारात आला होता. ते नोव्हेंबर २००९ मधल्या ‘माय लाइफ’ या दुसऱ्या जपानी अल्बममध्ये आहे.

जपानी गाणी नेहमी एखाद्या चित्रपटाशी, मालिकेशी किंवा मोहिमेशी जोडलेली का असतात?

या पद्धतीला जपानमध्ये ‘टाय-अप’ म्हणतात. चित्रपटाचे शीर्षकगीत, मालिकेचे अखेरचे गाणे, जाहिरातीतला तुकडा, दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या कार्यक्रमाचे महिन्याभराचे समारोपगीत, अशा कोणत्या तरी निमित्ताने गाणे घरोघरी वाजत राहते आणि त्यातून सीडी खपते. कंपन्या एकल गाण्याची तारीख अशा निमित्ताशी जुळवूनच ठरवतात. आलान यांच्या ‘नात्सुकाशी मिराई’ची निवड एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘सेव्ह द फ्यूचर’ या पर्यावरणविषयक मोहिमेसाठी झाली होती. नव्या परदेशी गायिकेसाठी हा मोठाच मान होता, कारण एनएचकेवर वाजणारे गाणे खेडोपाडीच्या वयस्क श्रोत्यांपर्यंतही पोहोचते.

या आवाजात वेगळे काय आहे?

अल्बम का ऐकावा याचे खरे उत्तर या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडे थांबून लिहितो.

तिबेटी लोकगायकीत एक उंच, लांबवलेली, शब्दांविना दिलेली साद असते. डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पोहोचावी अशी ती असते. सूर खालून सुरू होत नाही, तो थेट वरच लागतो. तिथे काही काळ ठाम उभा राहतो, आणि मग गळा एका झटक्यात मोडून, कंप घेत, बाजूच्या सुरांवर घसरतो. आपल्याकडच्या संगीताच्या भाषेत सांगायचे तर टीपेवर स्थिर आस आणि तिच्या शेवटाला अतिशय जलद हरकत. ‘आशिता ए नो सांका’मध्ये हा प्रकार स्पष्ट ऐकू येतो. एवेक्सने ती साद कापली नाही, सौम्य केली नाही, उलट ती आलान यांची ओळख म्हणून पुढे ठेवली.

मला या अल्बमबद्दल आदर वाटतो तो यासाठी. परदेशी कलाकाराला बाजाराच्या मापात बसवताना सर्वांत आधी तिचा मूळ सूर काढून टाकला जातो, असे अनेकदा घडते. इथे भाषा जपानी, चालींचा साचा जपानी, विक्रीची सगळी यंत्रणा जपानी, आणि या सगळ्यात दानबाचा गळा शाबूत राहिला. जपानी शब्द त्या गळ्याला कसे सोसतील, याचा विचार करून ओळी बेतलेल्या वाटतात: लांब सुराखाली बहुधा ‘आ’ किंवा ‘ओ’ असा मोकळा स्वर येतो, बंद व्यंजन येत नाही.

अर्हू म्हणजे काय, आणि ते या अल्बममध्ये ऐकू येते का?

अर्हू हे दोन तारांचे, गजाने वाजवायचे चिनी वाद्य आहे. त्याच्या छोट्या नळकांड्यावर अजगराचे कातडे ताणलेले असते. गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, म्हणून गज वाद्यापासून सुटा करता येत नाही. तारांखाली पट्टी नसते. बोट तारेला हवेतच दाबते, आणि दाब कमी-जास्त करून सूर वळवता येतो. सारंगी ऐकणाऱ्याला या वळणांची गोडी सांगावी लागणार नाही. आलान स्वतः अर्हू वाजवतात आणि त्यांच्या काही गाण्यांत ते येते. त्यांच्या गाण्यातली मींड आणि त्यांच्या अर्हूची मींड एकाच वळणाची आहे, हे दोन्ही लक्ष देऊन ऐकल्यास कळून येते.

चिनी बोलणाऱ्याला जपानी गाणे अवघड जाते का? दोन्ही भाषा तर सारख्याच दिसतात.

त्या कागदावर थोड्याफार सारख्या दिसतात, कारण जपानीने चिनी चित्रलिपी उचलली. उच्चारात आणि व्याकरणात त्यांचे नाते नाही.

मराठी कानाला चटकन कळेल अशी अडचण व्यंजनांची आहे. मराठीत क, ख, ग, घ असे चार वेगळे वर्ण आहेत. मंदारिन चिनीत क आणि ख यांचा भेद आहे, पण घोष ‘ग’ नाही. जपानीत याच्या नेमके उलटे आहे: तिथे क आणि ग यांत भेद आहे, क आणि ख यांत नाही. त्यामुळे मंदारिन बोलणाऱ्याच्या तोंडी जपानी ‘गा’चा ‘का’ होतो, ‘दा’चा ‘ता’ होतो, किंवा ‘का’च्या जागी ‘खा’ येतो. शिकवणीत सर्वाधिक वेळ यावर जातो. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला ही अडचण येत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याची ती लगेच ऐकू येते. आलान यांच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या गाण्यांतली अशी व्यंजने शेजारी ठेवून ऐकावीत. तयारी कशी वाढत गेली ते कळते.

दुसरी अडचण लांबीची. जपानी ओळ मात्रांवर चालते, आणि मात्रावृत्ते ज्यांनी शाळेत गणली आहेत त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. ‘तोक्यो’ आपल्याला दोन अक्षरी वाटते, पण जपानीत ते तो-ओ-क्यो-ओ असे चार मात्रांचे आहे. ‘निप्पोन’मध्येही नि, अर्धा प, पो आणि न अशा चार मात्रा आहेत, म्हणजे अर्ध्या व्यंजनालाही आणि शेवटच्या ‘न’लाही स्वतःची मात्रा मिळते. परंपरेने प्रत्येक मात्रेला एक सूर असे जपानी गाण्याचे गणित असते. मंदारिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा असा भेद नाही, त्यामुळे नवख्या गायकाची मात्रा पडते आणि ओळ सुरात असूनही जपानी कानाला खटकते.

त्या बदल्यात एक सोय होते. मंदारिनमध्ये शब्दाचा अर्थ स्वराच्या चढ-उतारावर ठरतो, आणि गाताना चाल त्या चढ-उताराला दाबून टाकते. जपानीतही आघाताचे चढ-उतार आहेत, पण अर्थाचा भार त्यांच्यावर तितका नसतो.

ऐकताना काही चाली भूप रागाची आठवण करून देतात. हा भास आहे का?

भास नाही. चिनी, तिबेटी आणि जपानी लोकसंगीतात पाच सुरांचे स्वरक्रम सर्रास वापरले जातात, आणि चिनी परंपरेतल्या एका प्रमुख स्वरक्रमाचे सूर सा, रे, ग, प, ध हेच आहेत. पण साम्य तिथेच थांबते. भूपात गंधार-धैवताचे नाते, न्यासाच्या जागा, आरोह-अवरोहाची चाल यांतून राग उभा राहतो. या अल्बममध्ये पाच सुरांच्या ओळीखाली पियानो आणि व्हायोलिनचे सुरमेळ सतत बदलतात, आणि एकच ‘ध’ एका ठिकाणी समाधानाचा, तर दुसऱ्या ठिकाणी व्याकूळ वाटतो. राग शोधत बसल्यास निराशा होईल. सुरमेळ बदलला की तोच सूर कसा वेगळा भासतो, ते ऐकावे.

सर्व गाणी सारखीच संथ वाटतात. हा दोष मानावा का?

काही अंशी मानावा. एकामागून एक भव्य बॅलड, म्हणजे संथ भावगीते, प्रत्येकाच्या शेवटच्या धृपदात वाद्यवृंद पूर्ण भरात, हा क्रम सलग ऐकताना थकवतो. एकल गाणी महिन्यांच्या अंतराने आली तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा श्वास होता. एका तबकडीवर आल्यावर ती एकमेकींची जागा खातात. ‘माय लाइफ’मध्ये वैविध्य अधिक आहे, असे मला वाटते. तरीही आवाजाची पहिली, ठळक ओळख ‘व्हॉइस ऑफ अर्थ’मध्येच होते.

अल्बमचे यश ओरिकॉनच्या यादीवरून ठरवावे का?

ओरिकॉन ही कंपनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून विक्रीच्या याद्या प्रसिद्ध करते. २००९ मध्ये तिची अल्बम यादी केवळ प्रत्यक्ष सीडींच्या विक्रीवर आधारलेली होती. डाउनलोड आणि स्ट्रीमिंग धरून एकत्रित अल्बम यादी २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. २००९ च्या सुमारास जपानी तरुण मोबाइलवर गाण्यांचे तुकडे आणि पूर्ण गाणी मोठ्या प्रमाणावर उतरवून घेत असत, आणि ती संख्या या यादीत नसे. शिवाय साप्ताहिक क्रमांक पहिल्या आठवड्याच्या प्रसिद्धीवर फार अवलंबून असतो. नव्या सीडी बहुधा बुधवारी येतात, आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणजे पहिल्या नोंदीत पुरते सात दिवसही नसतात. क्रमांक जरूर पाहावा, पण त्यावरून गाण्याची किंमत करू नये.

सीडी घ्यायची झाल्यास कोणती आवृत्ती घ्यावी, आणि ती भारतात चालेल का?

एवेक्सच्या रिवाजाप्रमाणे केवळ सीडी आणि सीडीसोबत डीव्हीडी अशा आवृत्त्या असतात. नव्या जपानी अल्बमची किंमत साधारण ३ हजार येनच्या आसपास असे, आणि पुनर्विक्री-किंमत पद्धतीमुळे ठरावीक मुदतीपर्यंत दुकानदाराला ती उतरवता येत नाही. आता हा अल्बम जुना झाल्यामुळे जपानमधल्या वापरलेल्या सीडींच्या दुकानांत तो बऱ्याच कमी दरात मिळू शकतो. घेताना सीडीच्या डबीच्या कण्यावर गुंडाळलेली कागदी पट्टी, म्हणजे ओबी, शाबूत आहे का ते विचारावे. संग्राहक तिला महत्त्व देतात, नुसते ऐकायचे असल्यास तिचा उपयोग नाही.

सीडी कुठेही वाजते. डीव्हीडीचे मात्र तसे नाही: जपान दुसऱ्या प्रदेशात आणि भारत पाचव्या प्रदेशात मोडतो, त्यामुळे साध्या भारतीय प्लेअरवर ती अडू शकते. सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर असेल तर प्रश्न नाही. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी जोडून पाहावे.

जपानी शिकणाऱ्यांना हा अल्बम उपयोगी आहे का?

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हा प्रश्न नेहमी येतो. ऐकण्याच्या सरावासाठी अल्बम चांगला आहे, कारण लय संथ आहे आणि शब्द स्वच्छ लागतात. संवादासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. गीतांची भाषा काव्यमय आहे. प्रार्थना, अनंतकाळ असे शब्द जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-५ किंवा एन-४ या सुरुवातीच्या पातळ्यांवर सहसा येणार नाहीत. आणखी एक सावधगिरी बाळगावी: जपानी गीतकार लिहितात एक चित्राक्षर आणि गाऊन घेतात दुसराच शब्द, हे नेहमीचे आहे. ‘पृथ्वी’ लिहून तिथे ‘तारा’ या अर्थाचा ‘होशी’ गायला लावणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. म्हणून सीडीसोबतच्या पुस्तिकेतला मजकूर आणि कानावर पडणारा शब्द जुळला नाही, तर शब्दकोशाला दोष देऊ नये. आधी पुस्तिका न पाहता ऐकावे, ऐकू आले ते काना या उच्चारानुसार लिहायच्या जपानी लिपीत उतरवावे आणि मग छापील ओळींशी ताडून पाहावे.

यानंतर आलान यांचे पुढे काय झाले?

जपानमध्ये त्या आणखी काही वर्षे गात राहिल्या. २०११ मध्ये त्यांच्या जपानी गाण्यांचा निवडक संग्रह निघाला, आणि त्यानंतर त्यांच्या कामाचे मुख्य केंद्र चीनकडे सरकले. मंदारिनमध्ये त्यांनी जपानच्या काळातही ध्वनिमुद्रणे केली होती, त्यामुळे हा बदल त्यांच्या श्रोत्यांना अचानक वाटला नसावा.

या गाण्यांचे मराठी भाषांतर करून इंटरनेटवर टाकता येईल का?

स्वतःच्या समजुतीसाठी वहीत भाषांतर करण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ते सार्वजनिक करणे ही वेगळी बाब आहे. भाषांतराचा हक्क मूळ गीतकाराकडे किंवा त्याने नेमलेल्या संस्थेकडे असतो, आणि भारत व जपान हे दोन्ही देश लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचे सदस्य असल्याने तो हक्क इथेही लागू होतो. गीतकाराच्या मृत्यूनंतर जपानमध्ये ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे ही मुदत चालते, म्हणजे या अल्बममधली सर्व गीते अजून हक्कांतर्गत आहेत. गाण्याचा आशय आपल्या शब्दांत सांगणे, त्यावर समीक्षा लिहिणे आणि चर्चेसाठी एखादी ओळ उद्धृत करणे याला वाव आहे. संपूर्ण गीत, मूळ किंवा भाषांतरित, टाकायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी.